गेनभाऊंची नोटीस

गेनभाऊ आमच्या वाचनालयात पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, नाव सांगितलं नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. पिशवीतून स्टीलचा पेला काढला, भिंतीला उपडा लावला, त्याच्या बुडाला कान चिकटवला आणि सगळ्या वाचकांना म्हणाले, "जरा श्वास थांबवा राव सगळ्यांनी. तुमचाच आवाज येतोय."

आणि थांबवला की हो सगळ्यांनी! रोज एका पेपरवरून भांडणारे आमचे दोन म्हातारे गाल फुगवून एकमेकांकडं बघत बसले. मीही बसले. जुन्नरच्या या एवढ्याशा वाचनालयात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. 'शांतता राखा' ही पाटी मी स्वतः तीनदा रंगवून घेतलीय. पण अशी शांतता मला एकदाही जमली नव्हती. मिनिटभरानं गेनभाऊंनी पेला धोतराला पुसला आणि निकाल दिला, "मंडळी घरात हायेत. जेवनं चालल्यात."

मंडळी म्हणजे वाळवी. वाळवीला ते कधी वाळवी म्हणायचे नाहीत. साठी ओलांडलेला, काटक, कानावर केस असलेला हा माणूस जुन्नरपासून घोडेगावपर्यंत बंगले, गोदामं, दुकानं यांची वाळवी काढत फिरायचा. शर्टाच्या खिशात कायम एक स्क्रू ड्रायव्हर. त्याच्या मुठीनं ते दिसेल ते वाजवून बघायचे: चौकट, कपाट, जिना. चहा प्यायला बसले तरी टेबल वाजवायचे. आमचे अध्यक्ष अण्णासाहेब भाषणाच्या ढंगात बोलू लागले की त्यांच्या खुर्चीची पाठ वाजवायचे आणि म्हणायचे, "बोला साहेब, बोला. खुर्ची पोकळ हाय, पन इलेक्शनपतुर टिकंल."

मला मात्र हसू येत नव्हतं. ते यायच्या आठ दिवस आधी मी दिवाळी अंकांच्या रांगेतला एक जाडजूड बांधीव खंड ओढला आणि हात तसाच वर गेला. वजनच नाही! उघडला तर आत पानं नव्हती, माती होती. वरचं पुठ्ठ्याचं वेष्टन मात्र कसं, नव्यासारखं. चाळीस वर्षांची ती सलग रांग मी एकेक अंक मागून, भांडून, दोनदा तर रद्दीवाल्याच्या हातातून हिसकावून जमवली होती. माझ्या लग्नाच्या साड्या कुठं आहेत हे मला सांगता येणार नाही, पण कुठला अंक कुठल्या फळीवर आहे हे झोपेतही सांगेन. आता ती रांग एका टोकाकडून खाल्ली जात होती आणि मला रात्री कुरतडल्याचा भास व्हायचा. "गेनभाऊ, आजच्या आज औषध मारा," मी म्हटलं.

"आज नाय. आज फक्त एक बोट."

म्हणजे काय, तर भिंतीवरून चढलेली मातीची बारीक नळी असते, वाळवीची ये-जा करायची वाट. ती त्यांनी बोटभर मोडली. "तीन दिसांनी येतो. बुजवली असंल तर मंडळी घरात. नसंल तर गेली." ही झाली त्यांची तपासणी. आणि मग औषधाच्या आदल्या दिवशी नोटीस. हो, नोटीस! भिंतीशी सुपारी ठेवायची आणि घरमालकानं उभं राहून, सुरुवातीला आपला पत्ता घालून, गेनभाऊंच्या मागं मोठ्यानं म्हणायचं: "सदर जागेतील तमाम रहिवाशांस कळविण्यात येते की, ही जागा सार्वजनिक कामासाठी आवश्यक असल्याने मुदतीत खाली करावी. आपली गुरेढोरे व चीजवस्तू सोबत न्याव्यात. मागाहून कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही." ओतूरच्या एका कांदा व्यापाऱ्यानं स्वतःच्या बेडरूममध्ये, बनियनवर उभं राहून ही नोटीस पलंगाला ऐकवली होती. बायको दाराआडून मोबाईलवर शूटिंग करत होती म्हणे.

"गुरेढोरे?" मी विचारलं. "वाळवीला?"

"मजकूर बदलायचा नसतो बाई. सरकारी हाय."

तिसऱ्या दिवशी नळी बुजलेली होतीच. वाट कुठून येते हे बघायला आम्ही शब्दकोशांचं कपाट सरकवलं आणि मागं बघतो तर काय! कोपऱ्यातली फरशी उचकटून गुडघाभर उंचीचं वारूळ वर आलं होतं. चांगलं तीन शिखरांचं. गेनभाऊ दोन पावलं मागं सरले आणि त्यांनी चपला काढल्या.

"याला मी हात लावत नाय," ते म्हणाले.

"अहो, आत तीच वाळवी आहे ना?"

"देवळात बी मानसंच जात्यात, बाई. म्हनून देऊळ पाडता का?"

तेवढ्यात आमच्या झाडलोट करणाऱ्या शेवंताबाईंनी वारूळ बघितलं. दुसऱ्या दिवशी नागपंचमी होती. दरवर्षी बायका पेठेमागच्या शेतातल्या वारुळाला जायच्या, पण त्या शेताचे यंदा प्लॉट पडले होते आणि वारुळाच्या जागी कुणाचा तरी सेप्टिक टँक होता. बायका बिचाऱ्या वारूळ शोधत होत्या आणि शेवंताबाईंनी ते शोधून दिलं! सकाळी मी कुलूप उघडायला गेले तर पायरीवर साठ-सत्तर बायका लाह्या, दूध, हळदीकुंकू घेऊन उभ्या. संदर्भ विभागात फेर धरला गेला. दूध शब्दकोशांच्या खालच्या फळीपर्यंत पोचलं. दोघीतिघींनी मलाही ओढलं, आणि खोटं कशाला सांगू, मीही दोन फेऱ्या मारल्या. मारता मारता मनात मात्र म्हणत होते, मेल्यांनो, माझे अंक खाऊ नका गं!

अण्णासाहेबांना एवढ्या बायका एका ठिकाणी दिसल्या आणि त्यांची भक्ती उफाळून आली. नगरपालिकेला उभं राहायचं होतं त्यांना. त्यांनी जागच्या जागी जाहीर केलं की वारूळ हलणार नाही, त्याला संगमरवरी ओटा होईल, आणि पुस्तकांचं "बघू काहीतरी". मी पुढचे दहा दिवस त्या 'काहीतरी'च्या मागं धावले. तोवर आणखी सहा वर्षांचे अंक मातीला मिळाले. शेवटी मी गेनभाऊंना गाठलं आणि रडले. चारचौघांत, चहाच्या टपरीवर, नाक ओढत रडले. म्हटलं, "तुम्ही वारूळ म्हणता, देव म्हणता, मान्य. पण माझं काय? माझा जन्म गेलाय त्या फळ्यांवर."

गेनभाऊंनी टपरीचा खांब वाजवून बघितला आणि म्हणाले, "बाई, देवाला मारता येत नाय. पन हलवता येतं. आमचं आख्खं गाव हलवलं की, देवासकट."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते आंबेगावच्या बाजूच्या एका धरणात गेलेल्या गावचे. मिसरूड फुटलेल्या वयात चावडीवर नोटीस वाचलेली त्यांनी ऐकली होती. वाचणारा तीनदा वाचून गेला, तीनदा ऐकून ती पाठ झाली. "लई जनांनी कानामागं टाकली," ते म्हणाले, "पन सांगितलं व्हतं ना? न सांगता पानी आलं असतं तर? म्हनून मी सांगितल्याबिगर औषध मारत नाय. मुंगीएवढा जीव असला तरी त्याला सांगावं, की बाबा रे, उद्या पानी हाय."

यानंतर मी त्या नोटिशीला हसले नाही.

आता प्रश्न उरला अण्णासाहेबांचा, आणि तो मंडळींनीच सोडवला. हॉलमध्ये आजवरच्या अध्यक्षांच्या तसबिरी आहेत. एके दिवशी अण्णासाहेब स्वतःच्या तसबिरीला हार घालून बघत होते, ओट्याच्या उद्घाटनाची तालीम. हार घालताच काचेमागचा चेहरा घसरून खाली बसला. वर राहिला फक्त फेटा आणि एक कान. बाकीच्या सगळ्या तसबिरी ठणठणीत! अण्णासाहेब पांढरेफटक पडले. गेनभाऊंनी पेला लावून गंभीरपणानं ऐकलं आणि म्हणाले, "देवानं परसाद म्हनून तुमाला घेतलं, साहेब. आवडला तर अजून मागंल."

त्याच संध्याकाळी ठराव झाला की वारूळ सन्मानानं हलवावं. एकमतानं. सूचक अण्णासाहेब.

जागा गेनभाऊंनी दिली, त्यांच्या धरणग्रस्तांच्या वसाहतीवरच्या शेताच्या बांधावर. "मला बदली मिळालेली जमीन खडकाळच हाय. मानसाला पिकत नाय, वारुळाला पिकंल." पहाटे त्यांनी वारूळ पहारीनं हळूहळू उकललं आणि तळातून मातीचा एक गोळा काढला, त्यात बोटाएवढी जाड पांढरी राणी. घमेल्यात ओली माती, त्यावर राणी, वर शेवंताबाईंचा हिरवा खण. पुढं बँड, मागं टेम्पोत बायका, आणि घमेलं मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर मी! वाळवीची राणी मांडीवर घेऊन वीस-पंचवीस किलोमीटर गेलेली दुसरी ग्रंथपाल असेल तर मला दाखवा. वाटेत पोलिसानं टेम्पो अडवून विचारलं, "काय नेताय?" गेनभाऊ म्हणाले, "पुनर्वसन." त्यानं सॅल्यूट ठोकून सोडलं.

बांधावर राणीची स्थापना झाली. गेनभाऊंनी आधी पाण्याचा हंडा ओतला. "विस्थापिताला जागा देताना आधी पानी हाय का बघायचं. आमच्या वक्ताला हे राहून गेलं." मग त्यांच्या घरी चहा. दारातून शिरताना मी चौकटीला हात टेकला तर हा माणूस केवढ्यानं ओरडला, "टेकू नका बाई!" मला वाटलं, असेल काही त्यांच्यातलं. त्यांच्या मंडळी, ठकूबाई, नुसत्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात मी भिंतीसमोर सुपारी ठेवली आणि नोटीस म्हटली, गुरेढोरांसकट. मग त्याच्या पुढच्या दिवशी गेनभाऊंनी भिंतीच्या कडेनं हातहातभर अंतरावर भोकं पाडली, औषध भरलं, सिमेंटनं तोंडं बंद केली. माझी रांग एकवीस वर्षांवर थांबली. पण थांबली. ती आजही आहे, या आणि बघा.

गेनभाऊ मागच्या थंडीत गेले. ताप आला, चार दिवस अंगावर काढला आणि गेले. महिन्यानं ठकूबाईंचा फोन आला, "बाई, पोरगा स्लॅबचं घर बांधतोय. दाराची चौकट काढायचीय, औषध मारून. पन त्यांची नोटीस कुनाला येत नाय. तुमाला पाठ हाय ना?"

गेले. मुलगा उद्याच्या औषधासाठी पंप तपासत होता. मी गेनभाऊंच्या स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं चौकट वाजवली. नुसता पोकळ आवाज! वरचा रंग तेवढा शाबूत, आत सगळी माती. मी थक्क झाले. पंचक्रोशीची वाळवी काढणाऱ्याच्या स्वतःच्या दारात वाळवी?

"गावाकडची चौकट हाय," ठकूबाई म्हणाल्या. "पानी आलं तवा घराचं एवढंच काढून आनलं त्यांनी, खांद्यावर. आत मंडळी व्हती, ती बी आली संगं. कितीदा म्हनलं, मारा औषध. तर म्हनायचे, गावातनं आपल्यासंगं कोन आलं गं दुसरं? एकदा उठवलंय त्यांला. परत कुठं उठवू?"

मी सुपारी ठेवली. सुरुवात केली, "सदर जागेतील तमाम रहिवाशांस..." आणि 'सदर जागेतील' म्हणताना दर वेळी गेनभाऊ मालकाला पत्ता घालायला लावायचे ते आठवलं. "कुठला पत्ता घालू?" मी विचारलं. ठकूबाईंनी गावाचं नाव सांगितलं. ते पाण्याखालचं नाव. मी सुपारी परत उचलून घेतली.

"ऱ्हाऊ द्या बाई," त्या म्हणाल्या. "वाचलीय ती एकदा."

मुलानं पंप खाली ठेवला. आम्ही तिघांनी मिळून ती चौकट सोडवली, काचेसारखी सांभाळत बांधावर नेली आणि वारुळाशेजारी दोन दगडांत उभी केली. वारूळ आता माझ्या कमरेएवढं झालंय. तिथं आता एक दार आहे, घर नाही. त्यातून पाहिलं की खाली लांबवर धरणाचं पाणी दिसतं. यंदा नागपंचमीला टेम्पो भरून आलेल्या बायकांनी वारुळाला कुंकू लावलं आणि न विचारता चौकटीलाही लावलं.

मागच्या आठवड्यात गेले होते. चौकटीवरची नळी मी बोटभर मोडली आणि तीन दिवसांनी, रजा टाकून, एसटीनं पुन्हा गेले. नळी बुजलेली होती, माती अजून ओली होती. पिशवीतून पेला काढला, लाकडाला लावला, श्वास थांबवला.

मंडळी घरात हायेत.