सत्तरावरची टिकली

गॅसवर चहाचं पातेलं होतं, पण त्यात चहा नव्हता. नुसतं पाणी, आणि पाण्यात वायरीने लोंबकळत सोडलेला एक पितळी सेन्सर. वायरीचं दुसरं टोक टेम्परेचर मीटरला, मीटर बॅटरीला. पाणी खदखदत होतं, म्हणजे शंभर. आठवीतून शाळा सोडली असली तरी एवढं मला ठाऊक आहे. काटा मात्र सत्तरावर जाऊन थांबला होता. मी काचेवर टिचकी मारली. सत्तर. गॅस मोठा केला. तरी सत्तर.

हे मीटर एका टेम्पोवाल्यासाठी आणलेलं. त्याने मी सरांच्या गाडीत बसवलेलं बघितलं आणि म्हणाला, मलापण असलंच पायजे. म्हणून तेच मीटर, त्याच दुकानातून तसलाच सेन्सर. आणि सर तासाभरापूर्वी काकूंना शेजारी बसवून मैंदर्गीला निघाले होते, भाच्याच्या घराच्या वास्तुशांतीला. वैशाखाच्या उन्हात.

मी स्टुलावर बसलो आणि पुन्हा उठलो.

सर म्हणजे ज्यांच्या आवारात माझं हे पत्र्याचं शेड आहे ते. शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांची ओळख काकूंमुळे, आणि काकूंची ओळख एका रेडिएटरमुळे. मी मूळचा भंडाऱ्याकडचा, तळ्यांच्या आणि धानाच्या मुलखातला. सोलापूर पहिल्यांदा पाहिलं ते तांदळाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून. नाक्याजवळ इंजिन तापलं. ड्रायव्हर घाईचा माणूस. फडक्याने धरून त्याने रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि त्याच्या हनुवटीपासून छातीपर्यंतची कातडी माझ्यासमोर सुटली. त्याचं ओरडणं मला फारसं आठवत नाही. त्यानंतरचं त्याचं गप्प होणं आठवतं.

तो वाचला. महिनाभर दवाखान्यात होता आणि मी त्याच्या खाटेखाली झोपायचो. शेजारच्या खाटेवर काकूंचा भाऊ. त्याचा डबा घेऊन त्या यायच्या. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवून म्हणाल्या, "खा की रे. बघत काय बसलायस, ती काय चावत न्हाय." ड्रायव्हर बरा होऊन गावी गेला. मला परत ट्रकवर चढवेना. सरांनी मला ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे लावलं आणि तो म्हातारा दुकान बंद करून मुलाकडे गेला तेव्हा आपल्या आवारातलं शेड दिलं. मी जे काही आहे ते ह्या दोघांचं आहे. हे मी कधी त्यांना बोललो नाही. बोलायला गेलो की काकू माझी भाषा पकडतात. "मले, तुमाले! पोटात दुखल्यागत बोलतूस बघ."

सरांची गाडी साठ वर्षांची, दुधी रंगाची, पुढून गोल. तिच्या डॅशबोर्डवर वेगाचं मीटर आणि पेट्रोलचा काटा, बस. बाकी सगळं सर कानाने चालवायचे. इंजिनाचा आवाज जरा जड झाला की पाय काढायचे. पण दोन वर्षांपासून त्यांचे कान गेले. मागच्या उन्हाळ्यात गाडी तापली ती त्यांना कळलीच नाही, हेड उतरवावं लागलं. तेव्हा ते मला म्हणाले, "आता मला ऐकू येत नाही, तर दिसलं पाहिजे. मीटर बसव. पण डॅशबोर्डला एकही भोक पाडायचं नाही."

मी डॅशबोर्डच्या खाली एक पत्र्याची पट्टी लावली, काळी रंगवली आणि तिच्यात तीन गोल मीटर बसवली. एक ऑइलचं, एक करंटचं, एक टेम्परेचरचं. पहिल्या दोन्हींचं काही अडलं नाही. टेम्परेचरच्या डब्यातल्या सेन्सरचे आटे मात्र ह्या जुन्या हेडला जुळेनात. दुकानदाराने दुसरा दिला. "आटे बसले म्हंजे झालं की, समदे सारखेच अस्तेत," म्हणाला.

डब्यात एक कागद होता, बारीक इंग्रजीत, दोन्ही बाजूंनी छापलेला. सर जवळच उभे होते. "दे, वाचून सांगतो," म्हणाले. त्यांना वाचायला द्यायला काय झालं होतं? पण मला इतकी वर्षं झाली शेडात, दारावर माझी पाटी आहे, आणि आपल्या मेकॅनिकला कागद वाचता येत नाही हे त्यांच्या तोंडावर यायला नको होतं. मी हसून म्हणालो, "त्यात काही नसते सर, गॅरंटीचं असते." आणि कागद घडी करून शर्टाच्या खिशात घातला. तो विषय पुन्हा निघू नये म्हणून काम घाईने उरकलं. माझा म्हातारा मिस्त्री कुठलाही सेन्सर आधी उकळत्या पाण्यात घालून बघायचा. मी बघितला नाही. गाडी सुरू केली, काटा हलला, सर लहान मुलासारखे खूश झाले. मीही झालो.

आणि आता पातेलं खदखदत होतं.

टेम्पोवाल्याच्या मीटरच्या डब्यातला मूळ सेन्सर काढला आणि तो पाण्यात सोडला. काटा सरसर शंभरावर गेला. मीटर खरं होतं. खोटं माझं काम होतं. सरांच्या इंजिनात पाणी उकळत असेल आणि काटा त्यांना सत्तर सांगत असेल. सत्तर म्हणजे निवांत. सत्तरला माणूस बिनधास्त झाकण उघडतो.

सरांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. त्यांना ऐकूच येत नाही. काकूंचा लावला तर तो समोरच्या बंद घरात वाजायला लागला. कुलूप, आणि कुलपाच्या आत तो फोन. मी तो बंद होईपर्यंत उभा राहिलो, का कोण जाणे.

अक्कलकोट रोडने मोटारसायकल कशी हाकली ते मला सांगता येणार नाही. ऊन अंगावर येत होतं आणि हात मात्र गार पडले होते. कुंभारी गेलं. प्रत्येक झाडाखाली मी गाडी शोधत होतो, आणि दिसू नये असंही वाटत होतं. दिसली नाही म्हणजे चालली आहे. चालली आहे म्हणजे तापते आहे. एका ठिकाणी चार-पाच माणसं गोल उभी होती. मला ब्रेक दाबायचं सुचलंच नाही. टरबुजांचा ढीग होता.

वळसंगच्या पुढे गाडी दिसली. लिंबाखाली उभी, बॉनेट उघडं. काकू रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसलेल्या. सर गाडीसमोर वाकलेले आणि त्यांच्या हातात ओलं फडकं.

"नोका!" मी लांबूनच ओरडलो. "सर, नोका उघडू!"

सरांनी मान वळवलीसुद्धा नाही. काकू उठल्या आणि त्यांनी सरांचा शर्ट मागून धरून ओढला.

"हे बगा, आला तुमचा काटेवाला. इचारा त्यालाच." मग माझ्याकडे वळून, "अर्दा तास झाला ह्यास्नी हातानं धरून बसलोय मी. बिशी, बिशी, गरम हाय म्हणून वरडायलोय, कानडीत सांगितलं, मराठीत सांगितलं. माजे पाय भाजायलेत म्हणून गाडी थांबीवली, तर म्हंतेत काटा बघ."

काकू गाडीत बसल्या की चप्पल काढतात आणि पाय समोरच्या, इंजिनालगतच्या पत्र्याला लावतात. मला ते माहीत होतं. पत्रा तापला होता.

"काटा सत्तरवर आहे, झाकण काढून पाणी बघायला काय हरकत," सर मोठ्याने म्हणाले, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. "ह्यानं स्वतः बसवलाय. तुझ्या पायांचं ऐकू का ह्याच्या मीटरचं?"

मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. "सर, काटा खोटा हाय."

"मोठा? मोठाच बरा, दिसायला."

"खोटा!" मी ओरडलो. "खोटा! सत्तर नाही, शंभर हाय!"

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कशावरून?"

मला कधी कुजबुजूनही सांगता आलं नसतं ते मला भर रस्त्यात ओरडून सांगावं लागलं. "मी दुसराच सेन्सर लावला, सर! कागदात लिहिलं असंन! मले इंग्रजी वाचता येत नाही!" बाजूने एसटी चालली होती. खिडक्यांमधून माणसं बघत होती. सरांना पहिल्यांदा अर्धंच ऐकू आलं, म्हणून मी पुन्हा ओरडलो. "वाचता येत नाही, सर!"

कागद खिशातच होता. शर्ट धुऊन झाला होता, घडीवर फाटला होता. सरांनी चष्मा चढवला आणि उन्हात धरून सगळा वाचला, ओठ हलवत. मग एका ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगितलं, वर्गात सांगावं तसं. "सोबतचा सेन्सरच वापरावा. अन्य सेन्सर लावल्यास मीटर चुकीचे तापमान दाखवेल."

"मी मागितला तेव्हा हा खिशात होता?"

"हाव." मी मान हलवली.

सरांनी इंजिनाकडे बघितलं, मग हातातल्या फडक्याकडे. फडक्याची घडी केली, आणखी लहान घडी केली. माझी रागाची तयारी होती, ह्याची नव्हती.

"शिव्या घाला की त्याला," काकू म्हणाल्या. "निस्ता उबा काय ठिवलाय?"

"पाणी प्यायला दे त्याला," सर म्हणाले. "तोंड बघ त्याचं."

दोन तास आम्ही त्या लिंबाखाली बसलो. काकूंनी वास्तुशांतीसाठी केलेल्या शेंगापोळ्यांतली एक माझ्या हातात दिली. ती मी हातातच धरून बसलो. मध्ये एकदा त्या गाडीत गेल्या, कपाळावरची टिकली काढली आणि मीटरच्या काचेवर चिकटवली. नेमकी सत्तरावर. "हितं काटा आला की थांबायचं," सरांना त्यांनी खुणेने सांगितलं. "शास्तर-बिस्तर काय न्हाय."

झाकण शेवटी मी उघडलं. ते धरण्याआधी रेडिएटरला चारदा हात लावून बघितला, तोंड फिरवलं, डोळे मिटले. हलका फुसकारा आला आणि संपला. आत पाणी जवळजवळ नव्हतंच. पाइपाची क्लिप सैल झाली होती. ती आवळली, पाणी भरलं. मैंदर्गीपर्यंत त्यांच्या मागे मागे गेलो. ते टिकलीच्या अलीकडे दोनदा थांबले.

नंतर लेथवाल्याकडून आटे जुळवणारा मधला नट बनवून घेतला आणि डब्यातला मूळ सेन्सर बसवला. बसवायच्या आधी सर स्वतः पातेलं घेऊन शेडात आले. पाणी उकळलं, काटा शंभरावर गेला. "ठीक," एवढंच म्हणाले. आता कुठलाही डबा आला की ते न विचारता हात पुढे करतात आणि मी कागद देतो. दर वेळी माझे कान तापतात, पण देतो.

काटा खरा झाल्यावर टिकली काढावी लागली. गाडी आता चांगली असतानाच ऐंशीवर चालते. टिकली निघाली, पण तिच्या डिंकाचा गोल काचेवर राहिला. रॉकेलने पुसला, नखाने खरवडला, तरी बारीक कड दिसतेच.

परवा सरांनी मला मागच्या सीटवर बसवून नेलं. काटा हळूहळू वर चढला, त्या गोलात शिरला, आणि सगळं ठाऊक असूनही मी सीटवरून पुढे सरकलो. वाकून काकूंच्या पायांकडे बघायला लागलो. त्यांनी चप्पल काढलेली होती आणि पाय पत्र्याला लावलेले होते.

"गार हायत," काकू मागे न बघता म्हणाल्या. "बस नीट."