हातावर न उठलेली गाठ

माझ्या डाव्या कानाला ऐकू येत नाही. लहानपणी टीबी मेंदूपर्यंत गेला, इंदूरला महिनोन्‌महिने सुया टोचल्या. जीव वाचला, पण त्या औषधाने कान नेला. घरात सगळे याला नशीब म्हणत. मला ऐकू यावं म्हणून आई रस्त्यानेसुद्धा माझ्या उजव्या हातालाच चालायची.

ऐंशीचं दशक लागलं तेव्हा मी देवासच्या कॉलेजात विज्ञान शिकत होते, सगळं हिंदीतून; पेशींनाही मी कोशिकाच म्हणायची. घरी येऊन ज्ञान पाजळायची मला भारी खोड. एका दुपारी आई विळीवर गिलकी चिरत होती आणि मी समोर बसून सुरू झाले.

"आई, आपल्या अंगातल्या कोशिका एकमेकींशी बातचीत करतात, माहीत आहे? टीबी बघायला हातावर सुई देतात ना, तिथे एखादी कोशिका ओळखते, की हा जंतू आपल्या पहचानीचा आहे. ती बाकीच्यांना संदेश धाडते, सगळ्या धावत येतात आणि गाठ उठते."

"तुझ्या हातावर नव्हती उठली," आई म्हणाली. "धारच्या आजोबांना टीबी निघाला, तेव्हा डाक्टरांनी तुला सुई दिली होती. सब ठीक है म्हणाले."

मला तर आयतंच सापडलं. "दरवेळी ठीक नसतं काही! नुकताच गोवर येऊन गेला असेल, तर त्या कोशिका काही आठवडे चूपच बसतात. जंतू आत असतो, पण निरोपच जात नाही. म्हणून तर डाक्टर आधी विचारतात. सांगितलं की परत तपासतात, नाहीतर सरळ दवाच सुरू करतात."

विळीवरचा हात थांबला.

"विचारलं होतं त्यांनी," आई म्हणाली. "मी नाही म्हटलं."

आमच्या धारच्या घरात गोवर म्हणजे माता. शीतलामातेला थंड नैवेद्य दाखवून ओटी भरेपर्यंत बाहेरच्यापाशी तिचं नाव काढायचं नाही. काढलं तर ती रागावून परत येते. मला गोवर येऊन गेला होता, त्याची ओटी सप्तमीला धारला जाऊन भरायची होती, आणि डाक्टरांनी सुई दिली ती त्याच्या आधीच. वडिलांच्या कारखान्यापायी आम्ही देवासला आलो होतो, पण आई नेम धारचेच पाळायची. मला जपायलाच ती खोटं बोलली होती.

सांगूनही कदाचित हेच झालं असतं, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. ते खरंही होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "अगं, असं कसं केलंस?"

तिने उरलेली गिलकी चिरली.

संध्याकाळी ती मागे बसून माझी वेणी घालत होती. मध्येच वाकली आणि कधी नव्हे ती डाव्या बाजूने काहीतरी बोलली. कानाला तिचा श्वास लागला, शब्द ऐकू आले नाहीत. तिने तो कान मुद्दाम निवडलाय हे मला कळलं. वळून 'काय म्हणालीस?' असं विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. मला तिचा राग आला होता.

राग चार दिवसांत ओसरला. गोवराचा विषय मात्र दोघींनीही पुन्हा काढला नाही. त्यानंतर रस्त्याने आई माझ्या उजव्या हाताला चालेनाशी झाली. एक पाऊल मागून यायची. मला ते दिसत होतं, आणि मी एकदाही तिला पुढे ये म्हटलं नाही. कानाचं मला फारसं वाईट वाटलं नाही कधी. याचं वाटतं.