दादाची हजेरी

आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकं जास्त होती. माझे वडील, आबा, साखर कारखान्यात कामाला होते आणि सुटीच्या दिवशी युनियनचं काम करायचे. वाटून उरलेले गठ्ठे कागलच्या आमच्या दोन खोल्यांत येऊन पडत. आई ती पत्रकं फडताळात अंथरायची. मी त्यांच्या कोऱ्या पाठीवर गणितं सोडवायची आणि पुढची बाजू वाचायची. चौथीत गाईवर निबंध लिहिताना मी शेवटी ‘जाहीर निषेध’ असं लिहिलं होतं. कशाचा ते आता आठवत नाही.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तीन वर्षांचा असताना तापात त्याचे कान गेले. कोल्हापुरात बहिऱ्या मुलांच्या शाळेत तो सातवीपर्यंत शिकला. वाचायचा, लिहायचा. आमच्याशी हातांनी बोलायचा. गावात मात्र त्याच्या नावानं त्याला कुणी ओळखत नव्हतं. ‘आबांचा मुका’ म्हटलं की पुरे.

त्याला कामाला लावायला आबा दारोदार फिरले. तोंडावर नाही कुणी म्हणालं नाही. चहा मिळायचा, मग कारण मिळायचं. किराणावाला म्हणाला, गिऱ्हाइकाशी कोण बोलणार. दूध संस्थेचा सेक्रेटरी म्हणाला, “आबा, पोरगं गुणाचं हाय, पण मागनं म्हैस आली तर त्येला कळायचं कसं?” आबा म्हणाले, “म्हैस काय हाळी देऊन येती व्हय?” सगळे हसले. काम मिळालं नाहीच.

शेवटी त्याला घेतलं ते आबांच्या ओळखीतल्या चाचांनी. बसस्टँडच्या मागे त्यांचं एका लेथचं, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्राचं, वर्कशॉप होतं. चाचांनी पहिल्या दिवशी त्याचा तळवा धरला आणि चालत्या लेथच्या डोक्यावर ठेवला. टूल बोथट झालं की लेथचा सूर बदलतो, तो बाकीचे कानानं धरतात. दादा तळव्यानं धरायला शिकला. चार वर्षांत तो असा टर्नर झाला की चाचा स्वतःचं नाजूक काम त्याच्याकडे सरकवायचे.

मग कोल्हापूरच्या एका कारखान्यात टर्नर हवेत असं कळलं. तिथे इंजिनांचे भाग तयार व्हायचे. तिथला फोरमन चाचांच्या ओळखीचा. चाचांनी त्याला काही लपवलं नाही. फोरमननं दादाला एक बुश, म्हणजे इंजिनात बसणारी छोटी पोकळ नळी, करायला दिला, मायक्रोमीटर लावला, पुन्हा लावला आणि म्हणाला, “हापिसात बोलू नका. हापिसात माणूस बोलतोय का ऐकतोय हे बघत्यात. बुश कोण बघत न्हाय.” अर्जात कानांविषयी रकाना नव्हता. दादा हंगामी म्हणून लागला.

अडचण एकच होती, हजेरीची. कायम कामगाराला पितळेचा नंबराचा बिल्ला मिळायचा. तो गेटवरच्या फळीवर खिळ्याला अडकवला की हजेरी लागली. हंगामी माणसांना बिल्ला नसायचा. ती रांगेत उभी राहायची, टाइमकीपर खिडकीआड मान खाली घालून वहीतली नावं पुकारायचा आणि आवाज आला नाही की त्या नावापुढे फुली मारायचा. फुली पडली की माणूस समोर उभा असला तरी घरी. दादाला पहिले दोन दिवस अशीच फुली पडली. टाइमकीपरच्या ओठांवर नजर ठेवावी, तर त्याच्या मिशा ओठांवरून खाली उतरलेल्या.

तिसऱ्या दिवशी यादीत दादाच्या आधी नाव असलेल्या माणसानं तोडगा काढला. तो कळंब्याचा फिटर होता. स्वतःच्या नावाला त्यानं “हजर” म्हटलं आणि दादाच्या नावाला आवाज जाड करून “हाय की” म्हटलं. वहीत बरोबरची खूण झाली. पुढे आठ महिने हे असंच चाललं. फिटरला खोकला झाला की त्याचा आणि दादाचा आवाज एकदमच बसायचा. रांगेतले लोक बूट बघत हसायचे. दादा घरी आला की फिटरचा गळा फुगवून दाखवायचा. आई हसून हसून डोळे पुसायची.

आठ महिने संपत आले. आणखी तीन आठवडे भरले की दादा कायम होणार होता. बिल्ला मिळाला की त्याला कुणाच्या आवाजाची गरज उरणार नव्हती. आईनं त्याच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली होती. कायम नोकरी म्हटल्यावर मुलीकडचे निदान बसून ऐकतात, असं ती म्हणायची.

मी तेव्हा कोल्हापुरात कॉलेजला होते. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं आणि आम्हाला गप्प बसणं हा गुन्हा वाटत होता. त्याच सुमारास दादाचा शाळेतला एक बहिरा मित्र त्याच कारखान्यात टर्नरचं काम मागायला गेला. त्याच्या चिठ्ठीवर ‘मला ऐकू येत नाही’ असं लिहिलेलं होतं. ऑफिसातल्या माणसानं चिठ्ठी वाचली, स्वतःच्या कानाला हात लावून दाखवला आणि हातानंच गेट दाखवलं. लेथपर्यंतही नेलं नाही. दादानं हे मला जेवताना सांगितलं. सांगून झाल्यावर तो भाकरी खायला लागला. माझा घास तसाच राहिला.

दोन दिवसांत मी पत्रक लिहिलं. राजारामपुरीतल्या एका छोट्या प्रेसमध्ये छापलं. कॉलेजच्या दोन मैत्रिणींनी मदत केली. मजकूर मला अजून पाठ आहे, म्हणून इथे लिहिते: ‘बहिरा माणूस यंत्रावर काम करू शकत नाही, असे मालक म्हणतात. हे धादांत खोटे आहे. याच कारखान्यात आठ महिने एक बहिरा टर्नर काम करीत आहे. त्याचा एकही बुश परत आलेला नाही.’

मला ते वाक्य फार आवडलं होतं. पुरावा म्हणून यापेक्षा चांगलं काय असणार? त्यात दादाचं नाव नव्हतं, म्हणजे त्याला धोका नाही, असं मी धरून चालले. दादाला मी विचारलं नाही. त्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता.

पाळी सुटताना आम्ही तिघी गेटवर उभ्या राहिलो. माणसं पत्रक घ्यायची, दोन ओळी वाचायची आणि मागे वळून शेडकडे बघायची. मला वाटलं, लोक विचार करताहेत. फिटर आला. त्यानं वाचलं आणि मला विचारलं, “ताई, कागलचं न्हवं तुम्ही?”

“व्हय.”

“त्येची भन?”

“व्हय.”

“मग ह्ये कशाला केलं ओ?” एवढं म्हणून तो पुढे गेला.

दादा शेवटी आला. मी त्याला पत्रक दिलं. त्यानं उभ्या उभ्या सगळं वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि सायकल काढली. माझ्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला समजलं असतं.

दुसऱ्या दिवशी हजेरीला मॅनेजर स्वतः खिडकीत बसला. नाव पुकारलं. फिटर गप्प राहिला, त्याला गप्प राहावंच लागलं. दादा समोर उभा होता. फुली पडली. पण त्याला घरी न पाठवता थांबवून ठेवलं आणि दुपारी ऑफिसात बोलावून कारखान्याच्या डॉक्टरांनी त्याच्या पाठीमागे टेबलावरची घंटा वाजवली. दादा खिडकीतून बाहेर बघत राहिला. संध्याकाळी त्याच्या हातात कागद होता: हंगामी काम संपले. चौकशीत फिटरचं नाव निघालं; दुसऱ्याची हजेरी दिल्याबद्दल त्याला लेखी ताकीद मिळाली आणि त्याचं कायम होणं लांबणीवर पडलं. फोरमनला कुणी काही केलं नाही, पण महिनाभर तो चाचांकडे फिरकला नाही.

आबांनी पत्रक उलटून पालटून बघितलं. त्यांनी आयुष्यभर पत्रकं वाटली होती. शेवटी एवढंच म्हणाले, “छपाई चांगली हाय.” मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मी दादासमोर बसून हातांनी म्हणाले, चूक झाली. पण लिहिलं ते खरं होतं, असंही मी पुढे जोडलं. माझा हा स्वभावच. त्यानं पाटी ओढली आणि लिहिलं: ‘खरं आहे. शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. ऑफिसला तू सांगितलंस.’ मग पुसून पुन्हा लिहिलं: ‘तीन आठवडे.’

शेडमध्ये शंभरेक माणसं होती. त्यांतल्या कुणी वरिष्ठांकडे जाऊन खरेपणा मिरवला नव्हता. त्यांनी त्याला सांभाळून घेतलं, तेही कुठल्याच पत्रकाशिवाय. बहिऱ्या माणसाला काम नाकारणारा तो मालक चूक होता, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पण त्या मालकाशी भांडताना मी दादाला दगडासारखा उचलून फेकला होता.

कळंब्याला जाऊन मी फिटरची माफी मागितली. त्याच्या बायकोनं चहा दिला. तो म्हणाला, “जाऊ द्या. मला तर दोन माणसांचं ओरडून घसा दुखायला लागला हुता.” मग बशी खाली ठेवत म्हणाला, “पर ताई, पुढच्या बारीला भावाला इचारा आधी.”

दादा चाचांच्या लेथवर परत गेला. स्थळांचं बोलणं आईनं बंद केलं. चार महिन्यांनी एक टेंपो चाचांच्या दारात थांबला. त्यात त्याच कारखान्याचं कास्टिंग, म्हणजे ओतलेले कच्चे तुकडे, होतं. त्यांचे टर्नर कमी पडत होते, म्हणून बुश बाहेरून करून घ्यायचं ठरलं होतं. फोरमन टेंपोतून उतरला, दादाच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला आणि कामाचा नकाशा त्याच्यासमोर पसरला. तेच बुश, तेच माप. आठवड्यानं तयार माल गेला आणि एकही नग परत आला नाही. कारखान्याला दादाचं काम चालत होतं. दादा गेटच्या आत चालत नव्हता.

माझ्या डोक्यात पत्रक तयार झालं. त्या रात्री मी ते लिहून काढलं नाही. सकाळी दादाकडे गेले आणि विचारलं, यावर लिहू का?

त्यानं लेथ बंद केला आणि चाचांकडे बोट दाखवलं. काम चाचांचं होतं. मी चाचांना विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, “बेटी, लिहिशील तर टेंपो यायचा बंद. तुझ्या भावाच्या हातचं कामबी जाईल. माझ्या घरात सहा तोंडं हायत.” मग त्यांनीच दादाकडे बघितलं आणि हातांनी विचारलं, तुझं काय म्हणणं?

दादानं खडू घेतला आणि लेथच्या लोखंडी पाट्यावर लिहिलं: ‘आत्ता नको. कधी पत्रक काढलंस तर माझं नाव घाल. एक बहिरा टर्नर असं लिहू नकोस.’

मी बरं म्हटलं. त्यानं खडूची अक्षरं हातानं पुसली, पुढचं कास्टिंग लेथच्या पकडीत, चकात, बसवलं आणि तळवा लेथवर ठेवून लेथ चालू केला.