सावलीची अडचण

आज बांधावरच्या कडुलिंबावर सोलर कंपनीच्या माणसानं लाल रंगाची फुली मारली. म्हणाला, "आजी, याची सावली प्लेटांवर पडते, वीज कमी होते. तोडावा लागेल."

"मग सूर्याला सांग, जरा पलीकडून जा."

तो हसला. "करारात तसं नाही, आजी."

करारावर सही माझीच आहे.

बाविसाव्या वर्षी मीही नवऱ्याच्या मागे असाच धोशा लावला होता. सावलीत ज्वारी वाढत नाही, तोडा तो लिंब! काय तोरा होता बाईचा, चार बुकं शिकलेली ना! यांनी ऐकलं नाही. माझं न ऐकून केलेलं तेवढंच एक बरं काम.

बघता बघता प्लेटा त्या टेकडीपासून आमच्या बांधापर्यंत आल्या. दरवर्षी नवी कंपनी येते आणि माळ मागते. उन्हाला एवढं गिऱ्हाईक आलंय. सावलीला कुणी विचारत नाही.

लिंबाखाली प्लेटा धुणाऱ्या बायका भाकरी खात होत्या. फुली बघून एक म्हणाली, "आता प्लेटांखालीच बसायचं."

बसतील. सावली तिथंही आहे, फक्त मान ताठ ठेवून जेवता येत नाही.