धानातला लॅपटॉप

वानरांनी छपरावरचे कवेलू, म्हणजे आमच्याकडची कौलं, सरकवले होते, हे आम्हाला पाऊस आल्यावरच कळलं. धान मळून घरात आलं होतं, थंडी पडली होती, आणि मध्येच हा अवकाळी. सकाळी उठून पाहते तर धार नेमकी माझ्या टेबलावर. टेबलावर लॅपटॉप.

चंद्रपूर जिल्ह्यात, पोंभुर्ण्याच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या या गावात मी एक खोली घेऊन राहते आणि आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. माझं गाव सोलापूरकडं, ज्वारीच्या मुलखात. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. आमच्या तालुक्याला मुलींच्या वसतिगृहात अगदी हेच काम मिळत होतं, भाकरी थापायचं आणि भाजी चिरायचं, पण त्यांना दहावी पास बाई पाहिजे. इथं कुणी दहावी विचारली नाही. ताट दिलं, काम दिलं, माणसं दिली. ते उपकार मी विसरत नाही. पण आई तिकडं एकटी आहे. दहावी झाली की परत जायचं, एवढाच माझा हिशोब. बाकीचे विषय निघाले होते. गणित दोनदा राहिलं होतं.

तो लॅपटॉप शाळेतल्या गणिताच्या सरांचा. शाळा बंद होत्या त्या काळात त्यांनी पोरांसाठी फळ्यासमोर उभं राहून धडे रेकॉर्ड केले होते. सिरोंच्याकडं बदली झाली तेव्हा जुना लॅपटॉप मलाच देऊन गेले. म्हणाले, "घे. तुले जमते. तू फक्त घाबरते." इथं फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, त्यामुळं मोबाइलवर धडे बघणं वगैरे नाहीच. संध्याकाळी भांडी आटपून आले की सरांचा आवाज खोलीत सुरू व्हायचा. "आता x ले तिकडं पाठवून राह्यलो, तर तो चिन्ह बदलून जाईन का नाई?" मी खरंच मान हलवायची.

त्या सकाळी मी लॅपटॉप पदरानं पुसला. पाणी आत गेलं होतं, तिरका केला की थेंब पडत होते. शाळेत पोरांचा नाश्ता राहिलेला. घरमालकीण बाई अंगणात होत्या. इथं वडीलधाऱ्या बाईला बाईच म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांना घाईघाईत सांगितलं, "बाई, हा भिजला. भिजलेला फोन तांदळात ठेवतात म्हणे. एवढा ठेवाल का?"

"ठेवतो ना पोरी. जाय तू, लेकरं उपाशी असतीन."

दोन दिवसांनी मी मागितला तेव्हा बाई मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं त्यांची धान साठवायची ढोली, बांबूची विणलेली, शेणानं लिंपलेली, माझ्या खांद्याइतकी उंच. बाईंनी न कांडलेल्या नव्या धानात कोपरापर्यंत हात घातला आणि पाडाचा आंबा काढावा तसा लॅपटॉप बाहेर काढला. फटीफटीत धान. अंगावर कोंड्याची पिवळी भुकटी.

"बाई, तांदळात म्हटलं होतं मी."

"तांदूळ कायले? तांदूळ कांडला का मेला. धान जित्तं असते, पानी तेच पिते. पाह्य किती कोरडा झाला!"

वरून कोरडा होता खरा. पण हात लावला तर गरम लागला. धान नवं होतं, त्याचाच ओलावा गेला नव्हता, ते आतून तापलं होतं. आमच्याकडं ज्वारीचं कणीस आणि ज्वारी यात मी कधी घोळ केला नसता. पण या मुलखात घरात जे भरलेलं असतं ते धान, तांदूळ म्हणजे आठवड्यापुरता गिरणीवरून आणलेला. आणि मोठ्या मनाचं माणूस भिजलेल्या वस्तूला आठवड्याच्या डब्यात ठेवतं होय? त्यांनी मला त्यांची अख्खी ढोली दिली होती.

चार्जर लावला. बारीक नारिंगी दिवा लागला आणि विझला. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं, दाबून धरलं. काही नाही.

टाकीजवळ जाऊन सरांना फोन केला. नशिबानं लागला. सर म्हणाले, "बॅटरी काढ. नुसतं बटन दाबून ठेव, तेराचा पाढा म्हणेपर्यंत. मंग बॅटरी न लावता चार्जरवर लावून पाह्य." टाकीजवळ वीज नाही, घरी रेंज नाही. म्हणून मी घरी जाऊन करायचं आणि टाकीपाशी येऊन सांगायचं. तेराचा पाढा म्हटला. दिवा लागला, विझला. परत टाकी.

"पंख्याचा आवाज येते का?"

ते बघायला परत घरी. कान लावला. आत काहीतरी खुळखुळलं, पण ते धान होतं. परत टाकी. वाटेत शेजारच्या भाऊंनी विचारलं, "काऊन वं, पानी भरून राह्यली का? घागर तं दिसत नाई."

शेवटी सरांना जे विचारायची भीती वाटत होती ते विचारलं. "सर, धडे तुमच्याकडं दुसरीकडं कुठं असतील ना?"

सरांनी सांगितलं, "माह्याकडं कुठी? त्याच्यातच होते सारे." मग म्हणाले, "मी शिकवतो ना तुले फोनवर." ते ज्या गावाला होते तिथं त्यांनाही रेंजसाठी नदीकाठी यावं लागायचं. तरी म्हणाले. त्या माणसाचं ऋण मी कुठं फेडू?

सुट्टी काढून चंद्रपूरला गेले. बसमध्ये लॅपटॉप मांडीवर, साडीच्या घडीत. दुरुस्तीच्या दुकानदारानं स्क्रू काढून झाकण उचललं आणि माझ्याकडं पाहिलं.

"ताई, हे लॅपटॉप होय का कोठी?"

त्यानं ब्लोअर मारला. कोंडा उडाला, तो शिंकला, बाजूला बसलेलं गिऱ्हाईक हसलं. "दोघांची खिचडी होते याच्यात," तो म्हणाला. "कोनं ठेवलं धानात?"

"मीच," मी म्हटलं. बाईंचं नाव मला त्या दुकानात येऊ द्यायचं नव्हतं.

मग तो गंभीर झाला. रॅम काढून खोडरबरानं घासली, परत बसवली. आतल्या हिरव्या पाटीवर पाणी आणि कोंडा मिळून चिखल वाळला होता, त्याखाली गंज. चार्जर लावून त्यानं मीटर टेकवलं, मान हलवली. "पाटी गेली."

"पाटी जाऊ द्या. आतले धडे निघतील का? फक्त धडे."

त्यानं डिस्क काढून स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. आतून टक् टक् आवाज आला, घड्याळासारखा. पडद्यावर काही आलं नाही. त्यानं केबल बदलली, दुसरीकडं लावून पाहिली. टक् टक्. "पाटी गेली ते गेली, जाता जाता हिलेबी घेऊन गेली. नागपूरले नेऊन पाहा, पण मी झूठ नाई बोलत. उम्मीद नाई ताई." पैसेही घेतले नाहीत त्यानं. मला वाटलं, घ्यायला पाहिजे होते, म्हणजे निदान काहीतरी काम झाल्यासारखं झालं असतं.

संध्याकाळी गावात उतरले. बाई दारातच, शेजारच्या दोघी सोबत. त्यांना बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की आपल्या धानानं मशीन बरी केली, आता नुसती चंद्रपूरला तपासायला नेली आहे.

"झाला का चालू?"

"नाही बाई. जुना होता."

बाईंचं तोंड उतरलं. म्हणाल्या, "अजून दोन दिस ठेवाले पायजे होतं धानात. तू घाई केली पोरी."

"हो बाई," मी म्हटलं. "घाई झाली."

त्यांनी मला जेवायला थांबवलं. भात वाढला, वर वरण. मी दोनदा भात घेतला, कारण त्या बघत होत्या.

पुस्तक होतं. मी पुस्तकातून करायचा प्रयत्न केला. पण पुस्तकात एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर उडी असते, आणि त्या उडीच्या मधे सर असायचे. सरांचा फोन लागला तर लागायचा, मधेच तुटायचा. मार्चमध्ये पेपरला बसले. एका गणितात अर्ध्यापर्यंत त्यांचा आवाज डोक्यात आला, स्पष्ट, फळ्यावरच्या खडूसकट. मग थांबला. मी खूप वेळ पेन धरून बसले. पुढची पायरी आलीच नाही.

निकाल लागला तेव्हा शाळेतल्या मॅडमनी टाकीजवळ मोबाइलवर बघून मला सांगितला. मग पाठीवर हात ठेवला.

टाकीजवळ जाऊन आईला फोन लावला. तिनं आधी जेवण विचारलं, पाऊस विचारला. मग म्हणाली, "म्हंजी ह्या साली बी न्हाई व्हय गं?"

"नाही आई."

पलीकडून काही आलं नाही. रेंज गेली की तिनं ठेवला, ते कळलं नाही. मी परत लावला. लागला नाही. परत लावला.