बेटाची पलीकडली बाजू

माणूस गेल्यावर मागे राहिलेल्याला एकटं सोडायचं नाही, ही पद्धत आमचे लोक अमेरिकेत येताना बरोबर घेऊन आले. इथे ती जरा जास्तच काटेकोर पाळली जाते, कारण इथे ती पाळायला एक्सेल आहे. माझी बायको हिवाळ्यात गेली. तेरावा व्हायच्या आत इथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी एक शीट तयार केलं. त्यात वार, येणाऱ्याचं नाव आणि डब्यात काय, असे तीन रकाने. पहिले दोन महिने मला त्याचा आधार वाटला, हे कबूल करतो. पुढे पुढे दाराची घंटा वाजली की मी पुस्तकात बोट घालून जिन्यातच थबकू लागलो. खिडकीतून गाडी पाहून कुणाचा वार आहे ते ओळखायचं आणि दार उघडावं की नाही याचा विचार करायचा. दार मी दरवेळी उघडलं. न उघडण्याइतका धीटपणा माझ्यात कधीच नव्हता.

बायको कयाक चालवायची. तळ्यातली नव्हे, समुद्रातली. लांब, अरुंद, एका माणसाची होडी. पाय आत लांब सोडून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने डावं-उजवं करत जायचं. हे खूळ तिला स्कॉटलंडमध्ये लागलं. आम्ही सुट्टीला गेलो होतो आणि किनाऱ्यावरच्या एका लहान गावातून एका दिवसाची सहल निघायची, दोन-तीन बेटांना वळसा घालून संध्याकाळी परत. तिने मला चल म्हटलं. मी म्हटलं, तू जा. माझ्याजवळ जाड पुस्तक होतं आणि चहाच्या दुकानात खिडकीलगतची जागा मिळाली होती. संध्याकाळी ती ओल्या केसांनी आली, तळहातांना फोड आलेले, आणि जेवताना तासभर बोलायची थांबली नाही. घरी, म्हणजे बॉस्टनच्या उत्तरेला, परतल्यावर महिन्याभरात गॅरेजमध्ये एक जुनी कयाक येऊन पडली.

त्यानंतर दर उन्हाळ्यात आम्ही शनिवारी दोन तास गाडी चालवून मेन राज्याच्या किनाऱ्यावर जायचो. ती पाण्यात, मी काठावर वाचत. तिथल्या एका खाडीच्या तोंडाबाहेर एक छोटं बेट आहे, स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांनी गच्च भरलेलं. ती त्याच्या एका बाजूने दिसेनाशी व्हायची आणि दीड तासाने दुसऱ्या बाजूने उगवायची. मागच्या बाजूला खडक आहेत, त्यांवर सील लोळत असतात, जेवण झालेल्या म्हाताऱ्यांसारखे आवाज काढतात, असं ती सांगायची. एकदा येऊन बघ तरी, म्हणायची. मी नाही असं कधीच म्हटलं नाही. बघू म्हणायचो. असे सात उन्हाळे गेले.

म्हणून मला त्या बेटाच्या मागे जायचं होतं. तिथे गेल्यावर काय करायचं हे काही ठरवलं नव्हतं. ती जे पाहत होती ते पाहायचं आणि त्या वेळी शेजारी कुणी बोलत नसावं, एवढंच. जूनमध्ये मी एका तळ्यावर शिकायला जाऊ लागलो. होडी उलटली तर बाहेर कसं पडायचं, पुन्हा आत कसं चढायचं, हे त्रेसष्टाव्या वर्षी शिकताना नाकातोंडात बरंच पाणी गेलं. पण जमलं.

चूक एवढीच झाली की एका सकाळी कयाक गाडीच्या टपावर बांधताना शेजाऱ्याने पाहिलं. शेजारी नागपूरचा, सॉफ्टवेअरमध्ये, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. तो मला दादा म्हणतो. शीटमधला शुक्रवार त्याचा.

"दादा, एकटे समुद्रात? आम्ही काय मेलो का?"

बोलून गेल्यावर त्याला कुणाशी काय बोललो ते कळलं आणि त्याचं तोंड उतरलं. ती चूक भरून काढायची म्हणून त्याच आठवड्यात त्याने स्वतःचं आणि बायकोचं नाव तळ्यावरच्या शिकवणीत घातलं. मी नको म्हणायला तोंड उघडलं तेव्हा त्याची बायको म्हणाली, भाऊजी, आम्हाला पण व्यायाम हवाच आहे. मग मी तोंड मिटलं.

आता बेटाच्या मागे आम्ही तिघं जाणार होतो. मी माझ्या बायकोच्या कयाकमध्ये आणि ते दोघं भाड्याच्या दोनआसनी कयाकमध्ये. सगळं ठरवण्याचं काम शेजाऱ्याने आपणहून अंगावर घेतलं. ती खाडी ओहोटीला पूर्ण रिकामी होते, नुसता चिखल उरतो. म्हणून पाणी उतरायच्या आत बाहेर पडायचं, ओहोटीच्या वेळी बेटाच्या मागे असायचं आणि पाणी भरू लागलं की परतायचं. याचंही त्याने शीट केलं.

आता या माणसाबद्दल एक सांगायला हवं. त्याचं अर्धं आयुष्य पुण्याच्या ऑफिसशी मीटिंग लावण्यात गेलं आहे. इथली घड्याळं मार्चमध्ये एक तास पुढे जातात, नोव्हेंबरमध्ये मागे येतात, पुण्याची जागची हलत नाहीत. त्यामुळे वर्षातून दोनदा सगळ्यांच्या मीटिंगा कोसळतात, याची कधीच नाही. तो एक तास विसरणारी माणसं त्याच्या दृष्टीने अडाणी. त्याने कुठेतरी वाचलं की भरती-ओहोटीची छापील कोष्टकं हिवाळी वेळेत असतात, उन्हाळ्यात त्यांत एक तास मिळवावा लागतो. हे खरंच आहे. पण त्याने वेळा घेतल्या फोनमधून, आणि फोनने तो तास आधीच मिळवलेला होता. याने वरून आणखी एक मिळवला. ओहोटी बारा वाजता होती. शीटमध्ये एक.

ठरलेल्या शनिवारी आम्ही शीटप्रमाणे दहाला पाण्यात उतरायचं होतं. दहाला आम्ही काठावर डब्याशी झटत होतो. शेजाऱ्याच्या बायकोने तिखट-मिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि गोड म्हणून गूळपोळ्या आणल्या होत्या, तीन पुडांच्या स्टीलच्या डब्यात. कयाकच्या सामानाच्या कप्प्याचं तोंड गोल आणि लहान. डबा उभा जाईना, आडवा जाईना. प्लास्टिकच्या पिशव्यांत भरू या, असं मी सुचवलं. भाजीला वास लागेल, असं उत्तर आलं. शेवटी पुडं सुटी करून एकेक आत गेलं, कडी मात्र काठावर राहिली आणि ती परत घेतली जाईल की नाही यावर नवरा-बायकोचा वाद झाला. निघायला साडेदहा झाले.

खाडीत पाणी आहे असं वाटत होतं. वल्हं मारलं की मात्र पात्याला काळा गाळ लागून यायचा. पाच मिनिटांत माझ्या कयाकचा तळ घासल्याचा आवाज आला. मागून शेजारी म्हणाला, थोडं उथळ आहे, डावीकडे घ्या. डावीकडे घेतलं आणि तिथे आम्ही बसलो. आजूबाजूचं पाणी आमच्या डोळ्यांदेखत निघून गेलं. मी पाय खाली ठेवून पाहिला तर गुडघ्यापर्यंत आत गेला आणि बूट तिथेच सोडून वर आला.

तो बूट गाळातून उपसता उपसता मला माझाच राग आला. आदल्या दिवशी मी माझ्या फोनवर ओहोटीची वेळ पाहिली होती. बारा. मग त्याचं शीट पाहिलं. एक. मला वाटलं, त्याला जास्त कळत असेल. खरं तर तसंही वाटलं नव्हतं. विचारायला गेलो तर अर्धा तास बोलेल, एवढंच मनात आलं आणि मी पुस्तक उघडलं.

तीन तास आम्ही चिखलात होतो. शिंपल्या खणणारा एक म्हातारा लांब रबरी बूट घालून आमच्या जवळून गेला, जागा छान निवडलीत म्हणाला, आणि पुढे जाऊन पुन्हा खणू लागला. माश्या चावत होत्या. शेजाऱ्याच्या बायकोनेही एकदा पाय खाली टाकून पाहिला आणि तिचा बूट गाळात कायमचा गेला. पुऱ्या या होडीतून त्या होडीत वल्ह्याच्या पात्यावर ठेवून पाठवल्या जात होत्या. शेजारी फोन उंच धरून वेळा पडताळत होता, आणि अर्ध्या तासाने त्याला तो तास सापडला. त्याने ते सांगितलं तेव्हा त्याच्या बायकोने हातातली पुरी संपवली. मग म्हणाली, "पुण्याच्या लोकांना दोनदा उठवलं असतंस तरी चाललं असतं. समुद्राला कशाला कॅलेंडर इन्व्हाइट पाठवायचं?"

दोन वाजता होड्या हलल्या. मी परत जाऊ असं म्हणेन याची दोघं वाट पाहत होती. मी खाडीच्या तोंडाकडे वळलो. समुद्र गुळगुळीत होता, वारा नाही. बेटाच्या अलीकडच्या बाजूला पोचल्यावर मी म्हटलं, मागे मी एकटा जातो, तुम्ही इथे थांबा, अर्ध्या तासात आलो नाही तर या. शेजारी काही बोलणार होता. त्याच्या बायकोने पुढच्या आसनावरून न वळता वल्ह्याने त्याच्यावर पाणी उडवलं.

बेट संपतं तिथे एक टोक आहे. ते ओलांडलं आणि पलीकडली बाजू आली. झाडं, खाली तांबूस कडा, आणि पाणी. खडक नव्हते. एका जागी पाणी उगीचच भोवऱ्यासारखं फिरत होतं आणि समुद्री शेवाळाचे पट्टे वर येऊन जात होते. त्याच्या खाली ते खडक असणार, भरतीने बुडवलेले. सील कुठेही नव्हता. लॉब्स्टर धरायला तळाशी सोडलेल्या पिंजऱ्याचा एक नारिंगी तरंगा तेवढा डुलत होता. ते खडक ओहोटीलाच उघडे पडतात, हे तिने मला सांगितलं असेलच. माझी मान पुस्तकातून वर आली नसेल.

मी वल्हं मांडीवर आडवं ठेवून बसलो. हवी होती ती शांतता होती. ती मला जितकी हवीशी वाटायला पाहिजे होती तितकी वाटली नाही, आणि याचाही राग आला.

वीस मिनिटांनी दोनआसनी कयाक टोकावरून आली. अर्धा तास झाला नव्हता.

"भाऊजी, सील कुठे आहेत?"

मी खडकांचं सांगितलं. ओहोटीलाच दिसतात, म्हटलं. शेजाऱ्याला अर्थ लगेच कळला. तो म्हणाला, "माझ्यामुळे झालं, दादा."

अशा वेळी मी असू दे म्हणतो. आयुष्यभर म्हणत आलो आहे.

"तुझ्यामुळे झालं," मी म्हटलं. "आणि माझ्यामुळेही. बारा वाजता ओहोटी आहे हे मी काल पाहिलं होतं."

"पाहिलं होतं?" शेजाऱ्याची बायको पहिल्यांदाच आसनात वळली, होडी एका अंगाला कलली. "मग बोलला का नाहीत? तीन तास मला माश्यांनी फोडून काढलं. माझा एक बूट गेला. तोंड आहे ना तुम्हाला? वहिनींनी कसं सहन केलं हो तुम्हाला?"

शेजारी घाबरून तिला गप्प बस म्हणून खुणा करू लागला, दादांना असं नको बोलू, आत्ता नको. ती ऐकेना. हिवाळ्यापासून माझ्याशी सगळे काचेच्या भांड्याशी वागावं तसं वागत होते. कुणी आवाज चढवला नव्हता. मी वल्हं उचललं आणि त्यांच्या बाजूने चालवू लागलो. ती बोलत होती, एका पायात बूट, वल्हं चुकीच्या लयीत, मागच्याचं वल्हं तिच्या वल्ह्यावर आदळत होतं. तुम्ही दोघं सारखेच, एक विचारल्याशिवाय सांगतो, एक विचारलं तरी सांगत नाही, असं ती खाडीच्या तोंडापर्यंत म्हणत राहिली. तिथे पोचल्यावर तिने विचारलं, पुढल्या शनिवारी ओहोटी किती वाजता आहे.

ठाऊक नाही, मी म्हटलं. आज रात्री पाहून तुलाच फोन करतो, त्याला नाही.