सिस्टरसाठी गाऱ्हाणं

आमच्या किनाऱ्यावरच्या उपकेंद्रात विनीता सिस्टर आहे म्हणून आम्ही निवांत. ती मूळची फोंडाघाटची. शेजारच्या उपकेंद्रातली नर्स बदली होऊन गेली, तिच्या जागी कुणी आलंच नाही. तेव्हापासून दोन्हीकडचं ओझं हिच्याच डोक्यावर. लसी, बाळंतिणी, बीपी, शुगर, आणि वर मोबाईलवर माहिती भरा. जेवायला बसली की कुणीतरी हजर. आमची माणसं दारही वाजवत नाहीत, सरळ खिडकीतून हाक मारतात.

गेल्या महिन्यात व्हायचं ते झालं. रात्रभर बाळंतिणीपाशी जागून आलेल्या सिस्टरने नर्मदाकाकीला बीपीच्या ऐवजी दुसऱ्याच कुणाच्या शुगरच्या गोळ्या दिल्या. काकी अंगणात घामाघूम होऊन कोसळली. साखरपाणी पाजलं, डॉक्टरकडे नेलं, निभावलं.

"होता गो असा, मनाक लावन घेव नको," काकी तिला म्हणाली. गावानेही माफ केलं. सिस्टर मात्र पार धास्तावली.

"पुढच्या वेळेक कोणतरी मरतला माझ्या हातान," ती मला म्हणाली. "माका आठ दिवस रजा होयी. गावान वर सांगल्यान तर बदली माणूस देतीत."

गावकीचा मान भाईंचा. मी त्यांना म्हटलं, वर अर्ज करूया.

"रजेर घराक गेली आणि थंयच रवली तर?" भाई म्हणाले. "त्यापेक्षा देवाक सांगूया."

माझं डोकंच फिरलं. पण ऐकतो कोण?

देवळात गाव जमला. सिस्टरलाही मानाने बोलावलं. भाईंनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, आमच्या सिस्टरीची बदली खंय होव नको. तिका हत्तीचा बळ दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला.

सिस्टर पुढे झाली. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, पण ती बोलली.

"म्हाराजा, माका आठ दिवस झोपाक मेळू दे."

मी एकटाच होय म्हाराजा म्हणालो, तर लोक माझ्याकडेच रागाने बघायला लागले. भाई घाईघाईने प्रसाद वाटू लागले.

तेवढ्यात नर्मदाकाकी पुढे आली. "सिस्टर, हयच गावलंस ता बरा झाला. माझे बीपीचे गोळये संपले."

सिस्टर पायरीवर बसली. पिशवीतून पाकीट काढून त्यावरचं नाव वाचलं, डोळे चोळले, पुन्हा वाचलं. काकी ओंजळ पुढे करून उभी होती.